खंडूअण्णांची धार

खंडूअण्णांनी पहिल्या भेटीतच माझ्या कानफटात मारली. मीही त्यांच्या मारली. आमची ओळख झाली ती अशी, आणि पुढं चौदा वर्षं टिकली.

मी शिंगाच्या फण्या करायचो. म्हशीचं शिंग कापायचं, उकळायचं, दोन लोखंडी पाट्यांत दाबून सपाट करायचं, मग बारीक करवतीनं दात पाडायचे. शाळा तिसरीपर्यंत झाली. पुढची झाली नाही, कारण मास्तरनं छडी उगारली आणि मी ती हिसकून मोडली. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढं लिहिण्यात वाकडंतिकडं काही आलं तर ते माझं स्वतःचं आहे, कुणाकडून सरळ करून घेतलेलं नाही. नातू म्हणाला, आजोबा, मी टाइप करतो, नीट करून देतो. म्हटलं, तुझं इंग्रजी नीट कर. आमची मराठी तंजावरची. पुण्याच्या माणसाला ती ऐकून हसू येतं. येऊ दे.

मद्रासला तेव्हा मद्रास म्हणायचे. वेस्ट मांबलममध्ये, स्टेशनात जाणाऱ्या गल्लीत माझं दुकान, आणि भिंतीला भिंत लागून खंडूअण्णांचं. दुकान म्हणजे रस्त्याकडेचा ओटा, मागं एक खोली, वर झावळ्या. मी नवा आलेला. करवतीला धार लावायची होती म्हणून शेजारी गेलो. समोर चादरीच्या तुकड्यावर एक वस्तरा उघडा पडला होता. मी तो उचलला आणि धार बघायला अंगठा लांबीनं फिरवायला गेलो. तेवढ्यात कानात घंटा वाजली.

"धार आडवी बघतात, लांबीनं नाही," ते म्हणाले. "लांबीनं बघणारा अंगठा इथंच ठेवून जातो."

मी वस्तरा खाली ठेवला आणि त्यांच्या कानफटात दिली. ते पडले नाहीत. गाल चोळत म्हणाले, "हात जड आहे. काय काम करतोस?"

"शिंगाचं."

"मग बस, शिंग्या. काफी घे."

त्या दिवसापासून मी शिंग्या. बायकोसुद्धा रागावली की तेच म्हणायची.

माणूस बुटका, मान बैलाची. उजव्या हातावर अस्वलासारखे केस आणि डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत बाईसारखा गुळगुळीत. लावलेली प्रत्येक धार ते त्या डाव्या हातावर पारखत, तिथं केस उगवायला उसंतच मिळत नसे. केस संपले की पायावर. एकदा पायही संपले तेव्हा माझ्याकडं बघायला लागले. मी करवत उचलली.

गल्लीतले लोक त्यांना साणैक्कारर् म्हणायचे. तमिळमध्ये धार लावणाऱ्याला असंच म्हणतात, त्यात वाईट काही नाही. पण अण्णांचं डोकं फिरायचं. "तो चाक खांद्यावर घेऊन रस्त्यानं ओरडत फिरतो. मी शिकलगार. तंजावरच्या राजाच्या तलवारी आमच्या घरात पाजळल्या." पुरावा म्हणून दाखवायला एकच वस्तू होती. काळा निसणा. धार लावायचा दगड, विटेच्या निम्मा, वापरून वापरून करंगळीएवढा पातळ झालेला, पण सपाट असा की त्यावर पाणी ओतलं तर कुठं जावं ते पाण्याला कळू नये. पणजोबांचा, म्हणायचे. वस्तरे त्याच्यावरच. विळ्या, कात्र्या, कोयते चाकावर. दुसऱ्या कुणी निसण्याला हात लावला तर अण्णा पायानं बोलायचे.

मांबलमपासून नुंगंबाक्कमपर्यंतचे न्हावी त्यांच्याकडं वस्तरे टाकायचे. पण त्यांतल्या एकापुढंही अण्णांनी जन्मात मान दिली नाही. रोज उजाडताना ओट्यावर बसून, आरसा नाही, साबण नाही, नुसत्या पाण्यावर स्वतःची दाढी करायचे. "माझ्या गळ्याला फक्त माझा हात. त्यांच्या हातात काय धार असते ते मला ठाऊक आहे ना!"

आणि एक रीत होती. धार हातातून हातात द्यायची नाही. वस्तरा मिटायचा, चादरीच्या तुकड्यावर ठेवायचा, हात मागं घ्यायचा, मग गिऱ्हाइकानं उचलायचा. घाईत हात पुढं करणाऱ्याच्या बोटांवर ते लाकडी ठोकळा मारायचे. "हातातून हातात गेलेली धार वाटेत काहीतरी घेते," म्हणायचे. मला हे खुळचट वाटायचं. आता वाटत नाही.

रागाचं एक सांगतो म्हणजे कळेल. नुंगंबाक्कमच्या कुठल्याशा हापिसातला एक कारकून आला. आपल्यातलाच, तंजावरकडचा राव, कडक इस्त्रीचा सदरा. वडील वारले होते, त्यांचा विलायती वस्तरा फडक्यातून काढला. मूठ पार चिरलेली. अण्णांनी पातं उजेडात धरलं. पाठीवर निळा-जांभळा रंग चढला होता.

"हे कुणी केलं?"

"मीच केलं, अण्णा. गंज होता ना. शेगडीत निखाऱ्यावर धरला. बघा, सगळा गेला की नाही?"

पोलाद असं तापवलं की त्याचं पाणी उतरतं. मग ते नुसतं लोखंड, त्याला कधीच धार धरत नाही. हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक? अण्णांनी त्याची मान धरली आणि डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. एकदा, दोनदा. "बापाला जाळलास ते बरोबर केलंस. याला कशाला जाळलास रे? हा मेला नव्हता!"

कारकुनाच्या भुवईतून रक्त सदऱ्यावर आलं. अण्णांनीच मग हळद दाबली, पट्टी बांधली. पंधरा दिवसांनी तो परत आला. मी म्हटलं, पोलीस घेऊन आला असेल. नाही. म्हणाला, "अण्णा, काहीच होणार नाही का याचं?" अण्णांनी माझ्याकडून शिंग घेऊन त्या मेलेल्या पात्याला मूठ बसवून दिली, देवाजवळ ठेवायला. मूठ बसवताना रडत होते. हातोडी पडत होती आणि नाक गळत होतं.

त्यांचा धाकटा भाऊ तुका. दहा वर्षांनी लहान, पंचविशीतला, आणि हात अण्णांपेक्षा सरस. हे अण्णाच सांगायचे, पण तुका नसताना. तुका असला की शिव्या आणि धपाटे. तुका हसायचा. तो आधी हसायचा आणि मग काय झालंय ते बघायचा, असा त्याचा स्वभाव. पाठीत बुक्की बसली तरी म्हणायचा, "अण्णा, जरा डावीकडं, तिथं खाजत होतं."

आता मुरुगेसनचं. स्टेशनच्या पायऱ्यांशी त्याची खुर्ची होती. चांगला न्हावी, अबोल. त्याच्याकडं बापाचा वस्तरा होता, जर्मन पोलाद, जाड पाठ, पांढरी सेल्युलॉइडची मूठ. बापाचे डोळे गेले तेव्हा त्यानं तो मुलाला दिला. एका सकाळी तो वस्तरा अण्णांनी स्वतः लावला. डाव्या हाताचे उरलेसुरले केस त्यावर गेले. मग पितळेचा पेला घेऊन पाणी प्यायला आत गेले.

मुरुगेसन धावत आला. खुर्चीत लग्नाचा नवरा बसलेला. "सीक्किरम, तुका, सीक्किरम," लवकर लवकर, करत त्यानं हात पुढं केला. तुका म्हणाला, "घे रे, नवरदेव पळेल तुझा," आणि उघडा वस्तरा सरळ त्याच्या हातात दिला. खाली ठेवला नाही. मुठीवर पडायचा हात धारेवर पडला. मुरुगेसनचा तळवा फाटला.

आणि तुका हसला. सवयीनं हसला.

मुरुगेसनला वाटलं, मुद्दाम कापलं आणि वर हसतोय. त्यानं दुसऱ्या हातात वस्तरा घेतला आणि त्या हसणाऱ्या तोंडावर ओढला. तुकानं उजवा हात आडवा घातला. मी माझ्या ओट्यावरून बघत होतो. आवाज आला नाही. धार चांगली असली की आवाज येत नाही. तीन बोटांच्या मुळाशी हात वहीसारखा उघडला, आत पांढऱ्या शिरा दिसल्या, मग रक्त आलं. टोक तसंच पुढं गालावरून कानापर्यंत गेलं.

अण्णा बाहेर आले. हातातला पेला त्यांनी मुरुगेसनच्या तोंडावर हाणला, नाक मोडल्याचं मला ऐकू आलं. तो आडवा पडला. अण्णांनी त्याच्या मनगटावर टाच दिली, वस्तरा खाली पडला, आणि त्या टाचेखाली पांढऱ्या मुठीचे तुकडे झाले. मग त्यांचं लक्ष तुकाकडं गेलं आणि तेवढ्यात मुरुगेसन उठून पळाला. रक्ताचे थेंब स्टेशनात गेले. पुढं पाच वर्षं तो दिसला नाही.

आम्ही तुकाला रिक्षात घालून इस्पितळात नेलं. शिवलं त्यांनी, जितकं शिवता आलं तितकं. अंगठा आणि पहिलं बोट वाचलं. बाकीची तीन पुन्हा वळली नाहीत. पात्याची पाठ आणि धार दोन्ही निसण्यावर एकदम टेकवून पुढं-मागं न्यायची तर पाची बोटं लागतात. तुकाचा धंदा संपला. तो डाव्या हातानं चाक फिरवायला बसायचा.

गल्ली म्हणाली, पोलिसात जा. अण्णा म्हणाले, "जाऊन काय सांगू? धार कुणाची म्हणून विचारलं तर?" तेव्हा मला वाटलं, उगाच काहीतरी बोलतायत.

त्या दिवसानंतर अण्णांनी तुकाला कधी मारलं नाही. चुकून चाक सोडलं, पाणी सांडलं, अण्णा गप्प. तुका मला म्हणायचा, "शिंगेराव, हेच फार लागतं हो."

तो वस्तरा अण्णांनी धुतला नाही. होता तसा, मोडक्या मुठीसकट, बिस्किटाच्या डब्यात टाकला आणि डबा खिळ्याला टांगला. कुणी विचारलं तर म्हणायचे, "तो येईल. तेव्हा लागेल."

मुरुगेसनला परत आलेला मीच पाहिला. स्टेशनच्या पायऱ्यांवर, जिथं त्याची खुर्ची असायची तिथं नुसताच उभा होता. केस पिकलेले, नाक वाकडं बसलेलं. मी येऊन अण्णांना सांगितलं. सांगायला नको होतं, असं बायको मरेपर्यंत म्हणत होती. मी पाहिलं ते सांगितलं. दसऱ्याला महिनाभर होता तेव्हा.

अण्णांनी डबा काढला.

"शिंग्या, मूठ पाहिजे. ओल्या हातात फिरणार नाही अशी."

कशानं ओला हात, ते मी विचारलं नाही. दोघांनाही ठाऊक होतं. तुका चाकाशी बसला होता, त्यालाही ठाऊक होतं. मी नाही म्हणू शकलो असतो. पण खरं सांगतो, माझ्या मनात पहिलं आलं ते हे की असली मूठ मद्रासमध्ये माझ्याशिवाय कोण करणार.

वस्तरा तीन दिवस रॉकेलात बुडवून ठेवला. मग अण्णांनी कानशीनं खिळ्यांची डोकी उडवली आणि मुठीचे उरलेले तुकडे सोडवले. वस्तऱ्याच्या मुठीत मागच्या टोकाला शिशाची एक पाचर असते, दोन पट्ट्यांमध्ये. त्या पाचरीखाली काळी खपली सापडली. अण्णांनी ती सुईच्या टोकावर घेतली आणि बघत बसले.

तुका म्हणाला, "माझं आहे का ते?"

"निम्मं त्याचं," अण्णा म्हणाले आणि फडक्याला पुसलं.

गंज काढायला चौदा दिवस गेले. तेल आणि कुरुंदाचा कागद, लाकडाच्या पट्टीला गुंडाळून, एकाच दिशेनं. पातं जरा कोमट लागलं की पाण्यात. घासताना त्या पात्याला अशा शिव्या द्यायचे की पलीकडची बाई खिडकी लावून घ्यायची. पाठ उजळली, पोट उजळलं. काही खळगे राहिले, बारीक, देवीच्या व्रणांसारखे. "राहू दे," म्हणाले. "तोंड ओळखू येईल."

मी शिंगाचं टोक निवडलं. टोकाकडं शिंग भरीव असतं. काळं, त्यात मधासारखी एक रेघ. उकळलं, दोन दिवस दाबून ठेवलं, दोन पट्ट्या कापल्या, एकावर एक ठेवून भोकं पाडली. काचेनं तासल्या. बोटं पडतात तिथं चार खाचा घेतल्या. खोबरेल आणि राखेनं घासल्या. अण्णांनी पितळी तार घातली आणि हातोडीनं टोकं बसवायला लागले. हे काम नाजूक. टिचकीएवढे टोले, दर चार टोल्यांना वस्तरा मिटून बघायचा, पातं बरोबर मधोमध पडलं पाहिजे, कुठल्याच बाजूला घासता कामा नये. पण त्या दिवसांत त्यांचा हात त्यांचा राहिला नव्हता. एक टोला जादा पडला आणि शिंग तडकलं. त्यांनी हातोडी माझ्याकडं फेकली. गुडघ्याला लागली. मी उचलून परत फेकली, ती त्यांच्या खांद्याला लागली. मग मी दुसरी जोडी करून दिली. ती बसली.

मग निसणा. तीन दिवस निसणा आणि चामड्याचा पट्टा. तिसऱ्या दुपारी अण्णांनी तुकाच्या डोक्याचा एक केस उपटला, चिमटीत लोंबता धरला आणि त्याला वस्तरा टेकवला. केस हवेतच तुटला.

"लागला," अण्णा म्हणाले. "उद्या खंडेनवमी. परवा दसरा. परवा जातो."

खंडेनवमीला, म्हणजे इथल्या आयुधपूजेला, आमच्याकडं हत्यार उचलत नाहीत. सगळं धुऊन, चंदन-कुंकू लावून, पाटावर मांडायचं. ती त्या दिवशी निजलेली. बाई विळीवर भाजीसुद्धा चिरत नाही. दसऱ्याला पुन्हा उठवायची. अण्णांनी पाट मांडला. कात्र्या, कानशी, चाकाचा आस, पणजोबांचा निसणा, आणि मधोमध झेंडूच्या पाकळ्यांवर तो वस्तरा. मग रीतीप्रमाणं, आदल्या रात्रीच भोक पाडून ठेवलेल्या कोहळ्यात कुंकू भरलं, वर कापूर पेटवला, दारापुढं ओवाळला आणि रस्त्यावर आपटला. कोहळा फुटला, लाल पाणी उडालं. ते ज्या पायांवर उडालं, ते पाय मुरुगेसनचे होते.

"अय्या," तो म्हणाला. तमिळमधलं 'मालक'.



"आज आलास?" अण्णा म्हणाले.

"आज तुमची हत्यारं निजलेली असतात. उद्या आलो असतो तर बोलायला मिळालं नसतं."

"बोल."

"अप्पा गेले. मी नव्हतो. त्यांचा वस्तरा तुमच्याकडं आहे. तो तेवढा द्या. मग काय करायचं ते करा." तो तुकाकडं वळला, हात जोडले, पण मान वर झाली नाही. तुकानं आपला उजवा हात कमरेच्या वेष्टीच्या, म्हणजे लुंगीच्या, घडीत लपवला. मुरुगेसन जमिनीकडं बघत म्हणाला, "हात माझा होता, अय्या. नाही म्हणत नाही. पण धार तुमची होती."

पाच वर्षं हे वाक्य त्या दुकानात होतं आणि कुणी उच्चारलं नव्हतं. मला त्या क्षणी कळलं की अण्णा पोलिसात का गेले नव्हते.

त्यांनी त्याला मारायला सुरुवात केली. नुसत्या हातांनी. पहिल्या गुद्द्यात ओठ फुटला, दुसऱ्यात दात पडले. तो कोहळ्याच्या फोडींवर पाय घसरून पडला, अण्णा त्याच्या छातीवर बसले आणि डोकं ओट्याच्या कडेवर आपटायला लागले. कुंकू कुठलं आणि रक्त कुठलं ते कळत नव्हतं. मुरुगेसननं एकदाही हात उचलला नाही. पाट हाताच्या अंतरावर होता. अण्णांचा उजवा हात एकदा तिकडं गेला. मी पाहिलं. बोटं झेंडूच्या पाकळ्यांना लागली, थांबली, आणि तो हात मूठ होऊन परत आला. मी मागून त्यांच्या कमरेला मिठी घातली. कोपर बसलं. माझा हा पुढचा मोडका दात तेव्हाचा.

थांबवलं ते तुकानं. तो मध्ये गुडघ्यावर बसला आणि मुरुगेसनच्या तोंडापुढं आपला तोच हात आडवा धरला. तीन बोटं ताठ, काठ्यांसारखी.

"मारा, अण्णा. यावर मारा."

अण्णांची मूठ वरच राहिली. मग ते उठले, आत गेले आणि दार लावून घेतलं.

मुरुगेसन बऱ्याच वेळानं उठून बसला. एक डोळा बंद झाला होता. तोंडातला दात हातावर काढून बघितला आणि म्हणाला, "उद्या येतो." आता सांगा, हट्टी कोण?

दसऱ्याच्या सकाळी तो खरंच आला. अण्णा अंघोळ, दाढी करून ओट्यावर बसले होते. फुलं काढली होती, हत्यारं उठवली होती. पुढ्यात निसणा, त्यावर पाणी. मुरुगेसन समोर मांडी घालून बसला. तुका चाकाशी. मी माझ्या ओट्यावर, आणि माझ्या मांडीवर करवत होती ती कशासाठी, ते मला आजही सांगता येणार नाही.

अण्णांनी वस्तरा उघडला. डाव्या हातावर फिरवून पाहिला. मग डाव्या हातानं मुरुगेसनचे केस धरले, डोकं मागं वाकवलं आणि पातं जबड्याखाली टेकवलं. मी केलेली मूठ त्यांच्या हातात अशी बसली होती, जशी त्यांच्या हातातूनच उगवली असावी. गळ्याची शीर पात्याखाली उडत होती. मुरुगेसननं डोळे मिटले नाहीत, एकच उघडा होता, तो त्यानं उघडाच ठेवला. पात्याला लाल रेघ लागली. केसाएवढी.

"अण्णा," तुका म्हणाला. एवढंच.

अण्णांनी पातं काढलं. निसण्यावर उभं धरलं, धार खाली, आणि सगळं वजन टाकून ओढलं. त्या आवाजानं माझ्या मोडक्या दातात कळ गेली. दुसऱ्यांदा ओढलं. तिसऱ्यांदा. तीन दिवसांची धार गेली. मग वस्तरा मिटला. पातं मुठीच्या बरोबर मधोमध पडलं. त्यांनी तो चादरीच्या तुकड्यावर ठेवला आणि हात मागं घेतला.

"बापाचा वस्तरा ने. धार माझी होती. ती मी परत घेतली."

मुरुगेसननं वस्तरा उचलला, डोळ्यांना लावला आणि गेला. पुन्हा दिसला नाही. दुसरीकडं कुठं त्यानं त्याला धार लावून घेतली असेल, नसेल. मूठ मात्र शाबूत असणार, ते मी लिहून देतो.

निसण्यावर तीन रेघा पडल्या होत्या, खोल. पणजोबांपासून सपाट राखलेला दगड. असल्या दगडावर वस्तरा लागत नाही, रेघेत अडकतो. घासून काढता आल्या असत्या, मी तसं म्हणालोही. अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पुन्हा म्हणालो नाही. त्या दिवसापासून त्यांनी कोयते लावले, विळ्या लावल्या, वस्तरा एकही नाही. ब्लेडं आली म्हणून अण्णांचं वस्तऱ्याचं काम बंद झालं, असं गल्लीत सांगायचे. खोटं आहे. मी शेजारी होतो.

पुढं प्लास्टिकच्या फण्या आल्या आणि माझं दुकान उठलं. निघायच्या दिवशी सकाळीच निरोप घ्यायला गेलो. खंडूअण्णा ओट्यावर मांडी घालून बसले होते, डोकं मागं टाकून, डोळे मिटून, गळा उघडा. त्यांचा स्वतःचा वस्तरा कधीच बोथट झाला होता. तुका उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि एका बोटात ब्लेडचं मशीन धरून त्यांची दाढी करत होता. हनुवटीवर दोन ठिकाणी कापलं होतं, तिसरं गळ्यावर. रक्त बनियनपर्यंत उतरलं होतं.

"गाढवा, गळा आहे तो. नारळ नाही."

"हलू नका अण्णा. याला धार कुठं आहे, नुसतं खरवडतंय."

"माझ्या पायानं बोलू का?"

"बोला. मग नाकही जाईल."

अण्णांनी डोळे न उघडताच हात फिरवला आणि तुकाच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला. ओट्यावरचं भांडं हललं. तुका क्षणभर तसाच राहिला, मशीन हवेत. मग तो हसला.

"डावीकडं, अण्णा," तो म्हणाला. "जरा डावीकडं."

अण्णांनी हनुवटी आणखी वर केली. तुकानं पातं पुन्हा त्यांच्या गळ्याला लावलं. मी निरोप न घेताच गेलो.